दोन स्टुडिओंमधला पोटमाळा

टोवे यान्सन या फिनलंडच्या लेखिकेची ‘रेन्त स्पेल’ ही स्वीडिश भाषेतली छोटी कादंबरी १९८९ साली आली. तिच्या पहिल्याच प्रकरणात योना नावाची बाई मारी नावाच्या बाईच्या भिंतींना हात घालते. मारीनं चित्रं टांगलीत ती पद्धतच मुळात चुकलीय, असं योनाचं म्हणणं. सगळं कसं मापात, समोरासमोर, कुणी कुणाला धक्का न लावता. मग चित्रं खाली उतरतात, जागा बदलतात, काही परत वर चढतच नाहीत. त्यांची रवानगी अडगळीत होते. मारी मनातून धास्तावते, पण अडवत नाही. चित्रकारांच्या घरात वावरलेल्या कुणालाही ठाऊक असेल की भिंत हा नाजूक विषय असतो. कुठलं चित्र डोळ्यांसमोर ठेवायचं आणि कुठलं आता पुरे झालं, हे ठरवण्याचा हक्क माणूस नवऱ्या-बायकोलाही सहजी देत नाही.

योना आणि मारी दोघी उतारवयातल्या. एक मुद्राचित्रकार, लाकूडकामातही हात चालणारी, चित्रपटांचं वेड असलेली. दुसरी लिहिणारी आणि पुस्तकांसाठी चित्रं काढणारी. बंदराजवळच्या एका मोठ्या इमारतीच्या दोन टोकांना दोघींचे स्वतंत्र स्टुडिओ आहेत आणि मध्ये लांबच लांब पोटमाळा. एकीकडून दुसरीकडे जायचं तर तो ओलांडून. सतरा लहान प्रकरणं, त्यांत कथानक म्हणावं असं काही नाही. एका प्रकरणात मारी अडलेली कथा वाचून दाखवते आणि योना तिच्यातल्या फटी दाखवते. एकात दोघी संध्याकाळी फोन बंद करून टेप केलेले सिनेमे बघतात. एकात धुक्यात बोट अडकते आणि गप्पा घसरत घसरत दोघींच्या आयांवर येतात. योनाकडे शिकायला येणारी एक मुलगी मारीच्या डोक्यात जाते, त्याचंही एक प्रकरण आहे. भांडणं होतात, पण कुणी दार आपटून जात नाही, कारण सकाळी कामाला बसायचं असतं.

अशी कादंबरी आली कुठून? मैत्रिणींच्या जोड्या कादंबऱ्यांत ढिगानं सापडतील. पण दोघींना आपापली कला आहे, दोघी एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करतात आणि त्या ढवळाढवळीवरच पुस्तक उभं आहे, असं म्हटलं की ढीग एकदम खाली बसतो. माग काढत मागे गेलं तर वाट हेलसिंकीतून निघते, अमेरिकेतल्या एका खेड्यावरून जाते आणि रोममध्ये पोचते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये अमेरिकन शिल्पकार बायकांची एक वसाहतच होती. कारणं अगदी व्यवहारी. संगमरवर जवळ, तो कापून देणारे पिढीजात कारागीर स्वस्त, मॉडेल मिळायची, आणि घरच्या नातेवाइकांची नजर समुद्रापार राहायची. हॅरिएट हॉस्मर १८५२ साली तिथे आली आणि जॉन गिब्सन या नामांकित शिल्पकाराच्या हाताखाली शिकली. बायकांचं हे येणं पुरुषांना कसं दिसत होतं, याचा अंदाज पुढे कादंबरीकार हेन्री जेम्सनं त्यांना संगमरवरी पांढरा कळप म्हटलं त्यावरून यावा. हॉस्मरचा ‘झेनोबिया’ हा पुतळा १८६२ साली लंडनच्या प्रदर्शनात मांडला गेला, तेव्हा हा हिनं केलेलाच नाही, कारागिरांनी केलाय, अशी कुजबुज छापून आली. तिनं बदनामीचा दावा लावायची धमकी दिली आणि मग शिल्प कसं घडतं, त्यात मातीचं काम कुणाचं आणि दगडाचं कुणाचं, यावर मासिकात सविस्तर लेखच लिहिला. एखाद्या बाईनं आपलं काम आपणच केलंय हे सिद्ध करत बसायचं, हा प्रकार पुढेही बरीच वर्षं चालला.

१८५८ साली अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न बायकोमुलांसह रोमला आला. मारिया लुइसा लँडर ही त्याच्याच गावची, सेलमची शिल्पकार. तिच्या स्टुडिओत तो बसला, तिनं त्याचा अर्धपुतळा केला, घरी येणंजाणं झालं. मग तिच्याबद्दल रोममधल्या अमेरिकनांत वावड्या उठल्या. कुणाबरोबर राहते, कुणासमोर कपडे उतरवून मॉडेल म्हणून बसते, वगैरे. वावड्यांच्या खरेखोटेपणाची फिकीर न करता हॉथॉर्न कुटुंबानं तिला दार बंद केलं. पुढच्याच वर्षी हॉथॉर्ननं जी कादंबरी लिहून पूर्ण केली, तिच्यात एक चित्रकार मुलगी आपल्या चित्रकार मैत्रिणीला असंच दारातून परत पाठवते.

ती कादंबरी ‘द मार्बल फॉन’, १८६०. मिरियम मोठ्या आवेशाची चित्रं काढते. पुरुषांचा सूड घेणाऱ्या बायका तिच्या कागदावर पुन्हा पुन्हा येतात. हिल्डा रोममधल्या एका मनोऱ्यावर कबुतरांच्या संगतीत राहते आणि जुन्या थोर चित्रकारांच्या नकला करते. स्वतःचं काही काढणं तिनं केव्हाच सोडून दिलंय आणि लेखकाला ते फार उदात्त वाटतं. एका रात्री मिरियमच्या नजरेच्या इशाऱ्यावर खून होतो, हिल्डा तो पाहते, आणि पुढे मिरियम आधाराला आली की तिला जवळ येऊ देत नाही. हिल्डा शेवटी लग्न करून मायदेशी परतते. दोन बाई-चित्रकार मैत्रिणी मध्यभागी असलेली, माझ्या वाचनातली ही सर्वांत जुनी कादंबरी, म्हणून तिला पूर्वज म्हणायचं. बाकी त्या मैत्रीत रंग-कुंचल्याचा विषय फारसा निघत नाही. दोघींच्या हाती कला दिली ती स्वभाव दाखवायला. हिल्डाच्या सोवळेपणाचा मला तर वाचताना कंटाळाच येतो.

हॉथॉर्न १८६० साली युरोपातून मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावी परतला, त्याच्या ‘वेसाइड’ या घरी. हे घर त्यानं अल्कॉट कुटुंबाकडून विकत घेतलं होतं, आणि ते अल्कॉट आता शेजारच्याच घरात राहत होते. या शेजारघरातली एक मुलगी लिहायची आणि धाकटी चित्रं काढायची. मराठी वाचकाला या दोघी परक्या नाहीत. शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ म्हणून ‘लिटल विमेन’ मराठीत आणली, तेव्हापासून जो आणि एमी आपल्या घरच्याच झाल्या. जो म्हणजे बरीचशी लुइसा मे अल्कॉट. एमी म्हणजे तिची बहीण मे. इंग्रजीत ‘मे’ची तीन अक्षरं फिरवली की ‘एमी’ होतं.

‘लिटल विमेन’चा पहिला भाग १८६८ साली निघाला तेव्हा त्यातली चित्रं मेनं काढली होती. परीक्षकांनी ती झोडपली. माणसांची अंगं धड जुळत नाहीत, हात-पाय कुठून फुटलेत कळत नाही, असा सूर. दोघी बहिणींच्या जाहीर भागीदारीची सुरुवात ही अशी झाली. पण त्याच पुस्तकानं पैसा आणला आणि त्या पैशावर मे शिकायला युरोपला गेली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मोठीनं लिहायचं, धाकटीनं त्यावर रंग विकत घ्यायचे, अशी ही व्यवस्था. लुइसाला ती जाचली का? डायऱ्यांतून थोडा हेवा डोकावतो, पण हुंडी मात्र वेळेवर जायची. मेही काही ऐतखाऊ नव्हती. कॉनकॉर्डमध्ये ती मुलांना शिकवायची. डॅनियल चेस्टर फ्रेंच या शेजारच्या पोराच्या हाती मातीकामाची हत्यारं पहिल्यांदा तिनंच दिली. वॉशिंग्टन शहरातल्या स्मारकात खुर्चीवर बसलेला लिंकन पुढे याच फ्रेंचनं घडवला.

१८७० साली लुइसाची ‘ॲन ओल्ड-फॅशन्ड गर्ल’ आली. कादंबरी बेतास बात, पण तिच्यात एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणासाठी मी सगळं पुस्तक माफ करीन. पॉली ही गरीब शिकवणीवाली आपल्या श्रीमंत मैत्रिणीला, फॅनीला, एका खोलीवर घेऊन जाते. तिथे बेकी आणि बेस राहतात. बेकी शिल्पकार, बेस लाकडावर ठसे कोरणारी. दोघींची चूल एक, भाडं एक, काम वेगवेगळं. मध्यभागी मातीची एक भली थोरली बाई उभी आहे. बेकी पुढच्या काळातली स्त्री घडवतेय. तिच्या हाती काय द्यावं यावर सगळ्यांची चर्चा सुरू होते. कुणी राजदंड सुचवतं, कुणी पुरुषाचा हात, कुणी कुशीत मूल. बेकी सगळ्यांचं ऐकून घेते आणि नाकारते. तिला ती एकटी आणि स्वतःच्या पायांवर उभी हवीय. मग तिच्या पायाशी काय ठेवायचं ते ठरतं: सुई, लेखणी, रंगांची पाटी, केरसुणी आणि मतपेटी. त्या देशात बायकांना देशभर मत मिळायला १९२० उजाडलं, हे लक्षात घेतलं म्हणजे या खोलीतल्या गप्पांचं धाडस कळतं. फॅनीला मेजवान्यांची सवय, पण तिथलं ते सहलीसारखं जेवण तिला जास्त गोड लागतं. आणि बेसचं लग्न ठरलंय, बरं का. पण त्यानं काही मोडणार नाही. बेकी त्यांच्याकडेच राहायला जाणार आहे. लुइसा हे एका वाक्यात सांगते आणि पुढे जाते, जणू लग्नाबरोबर मैत्रीण येणं ही जगरहाटीच.

नऊ वर्षांनी तिनं हाच धागा पुन्हा उचलला, तेव्हा तो इतका सरळ राहिला नव्हता. मे १८७६ साली पॅरिसला गेली आणि १८७७ च्या सालोंमध्ये तिचं एक स्थिरचित्र लागलं. पॅरिसचं सालों म्हणजे त्या काळची सगळ्यात मानाची भिंत. १८७८ मध्ये तिनं एर्न्स्ट नीरिकर या आपल्यापेक्षा बऱ्याच लहान स्विस तरुणाशी लग्न केलं आणि पॅरिसजवळच्या मदोंला संसार मांडला. घरी लिहिलेल्या पत्रांत ती सांगत राहिली की संसार आणि चित्रं दोन्ही जमतंय, अगदी छान जमतंय. १८७९ च्या सालोंमध्येही तिचं चित्र लागलं. त्याच वर्षी तिचं एक छोटं पुस्तक निघालं: युरोपात कलेचं शिक्षण कमी खर्चात कसं घ्यावं, यावर. कुठल्या स्टुडिओत बायकांकडून पुरुषांपेक्षा जास्त फी उकळतात, हेही त्यात आहे.

लुइसानं ही पत्रं समोर ठेवून ‘डायाना अँड पर्सिस’ लिहायला घेतलं. डायाना शिल्पकार, पर्सिस चित्रकार. दोघी एकीनं राहतात, कला हेच आपलं व्रत म्हणतात. पर्सिस पॅरिसला जाते आणि तिथून पत्रं लिहिते. त्या पत्रांत मेची पत्रं जवळजवळ उचलून ठेवलीत. मग पर्सिस लग्न करते, मूल होतं, डायाना तिला भेटायला जाते. ती आधी घरभर हिंडते, बाळ पाहते, आणि मग तिचा डोळा हळूच चित्रांकडे वळतो: नवीन किती झालीत? नवऱ्यासमोर ती हा प्रश्न काढते तेव्हा वाद होतो, आणि लुइसाचं कौशल्य असं की नवरा त्यात खलनायक ठरत नाही. चांगला माणूस आहे तो. त्यामुळे प्रश्न आणखीच अवघड. नंतर डायाना रोमला जाते, आणि तिच्यासाठीही एक शिल्पकार विधुर आणि त्याचा गोड मुलगा उभे केलेले दिसतात. या दोन वाटांतली लुइसा कुठली निवडणार होती? एवढ्यात लिखाण थांबलं. ८ नोव्हेंबर १८७९ रोजी मेला मुलगी झाली; २९ डिसेंबरला मे गेली. मुलीचं नाव मावशीवरून लुइसा ठेवलं होतं आणि मेच्या इच्छेप्रमाणे तिला वाढवायला मावशीकडेच, अमेरिकेला पाठवण्यात आलं. चार प्रकरणांचं ते बाड लुइसानं पुन्हा हाती घेतलं नाही.

ते छापून यायला १९७८ साल लागलं. म्हणजे यान्सनची कादंबरी येण्याआधी फक्त अकरा वर्षं. यान्सननं ते पाहिलं असेल असं मानायला मला काही आधार सापडत नाही. वंशावळी लिहिताना हे सांगावंच लागतं: इथे आजीची नातीशी ओळख नाही.

मधल्या काळात जोड्या होत्या, कादंबरी नव्हती. एडिथ सॉमरव्हिल आणि व्हायोलेट मार्टिन या दूरच्या नात्यातल्या आयरिश बहिणींनी मिळून लिहिलं, गाजलं. सॉमरव्हिल चित्रंही काढायची. १९१५ साली मार्टिन वारली तरी सॉमरव्हिल पुढची पुस्तकं दोघींच्या नावानं छापत राहिली. पण स्वतःच्या या कारखान्यावर त्यांनी कादंबरी केली नाही. कोल्ह्यांच्या शिकारी आणि आयरिश जमीनदार यांतच त्या रमल्या.

मग १९२८ चा ऑक्टोबर आणि केंब्रिजमधली मुलींची दोन कॉलेजं. व्हर्जिनिया वूल्फनं तिथे दिलेल्या व्याख्यानांतून पुढच्या वर्षी ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक झालं. त्यात ती एका काल्पनिक लेखिकेची काल्पनिक कादंबरी हाती घेते आणि थबकते, कारण त्या कादंबरीत क्लोई आणि ऑलिव्हिया एका प्रयोगशाळेत मिळून काम करतात आणि एकमेकींना आवडतात. साहित्यात बायका बायकांच्या कोण लागतात? आई, मुलगी, सवत. एका टेबलाशी काम करणाऱ्या दोघी तिला कुठे सापडतच नाहीत, म्हणून तिनं अख्खी कादंबरीच कल्पून घेतली. गंमत अशी की प्रयोगशाळा तिनं कल्पिली, पण तसा छापखाना तिच्या घरात होता. १९१९ साली वूल्फ पती-पत्नींच्या होगार्थ प्रेसनं ‘क्यू गार्डन्स’ छापलं, त्यात व्हर्जिनियाची थोरली बहीण व्हेनेसा बेल हिचे लाकडी ठसे होते. छपाई व्हेनेसाच्या मनास आली नाही. ती इतकी भडकली की असल्या छपाईत तुझ्या कथांना यापुढे चित्रं देणार नाही, असं तिनं सुनावलं आणि छापखाना हवाच कशाला इथपर्यंत मजल गेली. अर्थात पुढे तिनं बहिणीच्या पुस्तकांची कितीतरी मुखपृष्ठं केली आणि १९२७ मध्ये त्याच ‘क्यू गार्डन्स’ची पानन् पान सजवली. एवढा ऐवज हाताशी असून वूल्फनं ‘टू द लाइटहाउस’मध्ये चित्रकार लिली ब्रिस्को उभी केली ती मात्र एकटी. तिच्या कॅनव्हासपाशी येऊन, ही रेघ इथे नको, असं सांगणारी दुसरी बाई-चित्रकार त्या घरात नाही.

यान्सनचं घर कामाचंच होतं. बाप व्हिक्टर शिल्पकार, आई सिग्ने हामर्स्तेन पुस्तकांची चित्रं आणि फिनलंडची पोस्टाची तिकिटं काढणारी. तिकिटांनी घर चाललं, पुतळ्यांनी नाव झालं. त्या घरात स्टुडिओ म्हणजे एकाची खोली नव्हतीच. आईबाप काम करतायत आणि पोरं त्यातच वाढतायत. टोवे १९१४ ची. हेलसिंकीतल्या मनोऱ्यावरच्या उंच स्टुडिओत ती १९४४ साली राहायला आली. मूमिन या गुबगुबीत प्राण्यांच्या कुटुंबाचं पहिलं पुस्तक १९४५ चं.

दोघींच्या जोडीचा माग तिच्याच लेखनात काढायचा तर १९४८ च्या मूमिन पुस्तकाशी थांबावं लागतं. त्यात तोफ्स्लान आणि विफ्स्लान नावाचे दोन चिमुकले जीव येतात. त्यांची भाषा सहजी कुणाला कळत नाही, आणि जवळच्या पेटीत काय आहे ते कुणाला सांगत नाहीत. टोवे आणि नाट्यदिग्दर्शक व्हिव्हिका बांडलर यांचं ते चोरून दिलेलं चित्र. चोरून, कारण फिनलंडमध्ये समलिंगी संबंध १९७१ पर्यंत गुन्हा होता आणि त्यानंतर आणखी दहा वर्षं आजार. जोडी सांगायची तर परीकथेत आणि तीही पेटीत बंद करून.

मग १९५५ च्या नाताळात कलावंतांच्या पार्टीत ग्रामोफोनपाशी तूलिक्की पिएतिला भेटली. टोवेपेक्षा तीन वर्षांनी लहान, तिच्याच कलाशाळेत शिकलेली, पॅरिसमध्ये काही वर्षं काढलेली मुद्राचित्रकार. धातूचा पत्रा, आम्ल आणि दाबयंत्र यांच्यात वावरणारी बाई, म्हणजे हिशोबी हात आणि भरपूर चिकाटी. टोवे तेव्हा लंडनच्या ‘ईव्हनिंग न्यूज’साठी मूमिनची चित्रपट्टी काढत होती, आठवड्याला सहा, आणि पार पिळून निघाली होती. १९५७ च्या ‘ट्रोलव्हिंतर’ या पुस्तकात मूमिनचं पोरगं ऐन हिवाळ्यात एकटंच जागं होतं; घरचे सगळे झोपलेले, बाहेर बर्फ. तिथे त्याला टू-टिकी भेटते. पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर, कमरेला सुरी, राहायला समुद्रावरची न्हाणी. पोरगं रडकुंडीला आलं तरी ती त्याला कुरवाळत नाही. बर्फ कसा असतो ते दाखवते आणि आपल्या कामाला लागते. टू-टिकी म्हणजे तूलिक्की, हे यान्सननं कधी लपवलं नाही. पेटी उघडली होती.

दोघी मग शेजारी आल्या. इमारतींच्या एकाच गटात दोन स्टुडिओ, मध्ये पोटमाळ्यातून वाट. कादंबरीतला पोटमाळा इथला. १९६४ साली पेलिंकीच्या समुद्रातल्या क्लोव्हहारू या उघड्याबोडक्या खडकावर त्यांनी सुरुंग लावून जागा केली आणि एका खोलीचं घर बांधलं. चार भिंतींना चार खिडक्या, वीज नाही. पाहुणे आले की घर पाहुण्यांना आणि या दोघी तंबूत. तंबूच आवडतो म्हणायच्या. १९७१ मध्ये जगप्रवासात जपानमध्ये कोनिका कंपनीचा आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेतला आणि तूलिक्की दिसेल ते टिपत सुटली. तेही कादंबरीत आलंय, आणि मारी त्या कॅमेऱ्यामुळे किती वैतागते तेही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तूलिक्की, टोवे आणि त्यांचा मित्र पेन्ती एइस्तोला यांनी मूमिनचं माणसापेक्षा उंच लाकडी घर बांधलं. आत इवलीशी टेबलं, दिवे, जिने. १९७९ साली ते ब्रातिस्लाव्हाच्या प्रदर्शनात गेलं, आता ताम्पेरेच्या संग्रहालयात आहे. लेखिकेनं कागदावर मांडलेलं जग दुसरीनं करवतीनं कापून उभं केलं, यापेक्षा वेगळी भागीदारी काय असते?

यान्सन पंच्याहत्तरीला आली तेव्हा ‘रेन्त स्पेल’ लिहिली गेली, ती या सगळ्या व्यवहारातून. दोघी एकमेकींच्या कोण, याचा खुलासा पुस्तक करत नाही. लपवाछपवी म्हणून नव्हे. आता तो विषयच उरला नव्हता. थॉमस टील यांच्या हातून तिचं इंग्रजी २००७ साली आलं आणि बाहेरच्या जगानं तेव्हा कुठे ती वाचली. तोवर यान्सन जाऊन सहा वर्षं झाली होती.

पुढची पिढी बघायची तर केला रे व्हिटेकर या अमेरिकन लेखिकेची २०१७ सालची ‘द ॲनिमेटर्स’. शेरन आणि मेल कॉलेजात भेटतात, ब्रुकलिनमध्ये एका टेबलावर कार्टूनपट काढतात. पहिला मोठा चित्रपट मेलच्या आयुष्यावर, तिच्या तुरुंगात गेलेल्या आईवर. शेरनला कायम वाटत राहतं की आपण फक्त रेघा पुसणाऱ्या. मग तिला पक्षाघात होतो, हात पुन्हा चालता करावा लागतो, आणि पुढचा चित्रपट तिच्या केंटकीतल्या लहानपणावर निघतो. इथे भांडण भिंतीवरच्या चित्रांपुरतं राहत नाही: तुझं दुःख मी रेखाटू का, आणि रेखाटलं तर ते कुणाचं? अल्कॉटनं बहिणीची पत्रं उचलली तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कादंबरी दमदार आहे, टेबलावरची मेहनत तिच्यात पानोपानी दिसते. पण शेवटी मेल मरते. वाचताना माझ्या मनात आलं, पुन्हा? हॉथॉर्ननं खून घातला, अल्कॉटच्या बाडावर खरा मृत्यू चालून आला, आणि दीडशे वर्षांनीही दोघींपैकी एकीला वजा केल्याशिवाय लेखकाला शेवट सुचू नये?

‘रेन्त स्पेल’चं शेवटचं प्रकरण आहे एका पत्राचं. योनाला पॅरिसमध्ये वर्षभरासाठी फुकट स्टुडिओ मिळालाय, पण एकटीला. बरेच दिवस ती ते सांगतच नाही. इकडे मारीला काहीतरी बिनसलंय एवढंच जाणवत असतं. शेवटी योना सांगते, मी नाही म्हणून कळवते, असंही म्हणते. मारी जा म्हणते. त्यागबिग काही नाही. विचार करता करता तिच्या ध्यानात येतं की असं एक वर्ष आपल्यालाही मिळतंय, कुणाची वाट न बघता काम करायचं, आणि त्या कल्पनेनं ती चक्क हरखते. खऱ्या पॅरिसला या दोघी १९७५ साली बरोबर गेल्या होत्या. कलावंतांसाठीच्या निवासात एकाच स्टुडिओत राहिल्या, आणि तिथे टोवेनं कामात गढलेल्या तूलिक्कीचं तैलचित्र केलं. नाव दिलं ‘ग्राफिकेर्न’, म्हणजे नुसतं ‘मुद्राचित्रकार’. चौदा वर्षांनी कादंबरी लिहिताना मात्र तिनं योनाला पॅरिसचं तिकीट दिलं आणि मारीला हेलसिंकीतच ठेवलं, तिच्या टेबलापाशी.